नील्सन, आस्टा

नील्सन, आस्टा : (११ सप्टेंबर १८८१–मे १९७२). मूकपटांच्या काळातील डॅनिश अभिनेत्री. यूरोपच्या पहिल्या मोठ्या चित्रपटतारकांपैकी एक. जन्म कोपनहेगनमधील कष्टकरी कुटुंबात. वडील लोहार, पण बहुतेक काळ बेकार. आई लोकांची धुणी धुवी. कोपनहेगनच्या रॉयल थिएटरच्या नाट्यशाळेत तिचे शिक्षण झाले. १९०१ मध्ये तिला मुलगी झाली. मुलीच्या वडिलांचे नाव तिने अखेरपर्यंत उघड केले नाही.

रंगभूमीवर मनाजोगत्या भूमिका मिळेनात, म्हणून नाट्यनिर्मात्यांच्या नजरेत भरावे या हेतूने तिने उर्बान गाद याच्या ‘अफग्रुंडेन’ (१९१०, अर्थ : खोल दरी) या चित्रपटात काम केले. पियानो शिकवणारी माग्दा वाग्दत्त वराला सोडून सर्कसवाल्याबरोबर पळून जाते, अशी ही कथा. त्यातील नृत्य विशेष गाजले. रंगमंचावर माग्दा त्या सर्कसवाल्याला दोराने जखडते आणि घट्ट काळ्या पोशाखात त्याच्या अंगाला अंग घासत, कंबर हेलकावत त्याच्याभोवती नाचते. या दृश्याला काही देशांत कात्री लागली. अभिनयाच्या दृष्टीने मात्र चित्रपटाचा शेवट अधिक मोलाचा आहे. खून करून बसलेल्या माग्दाला पोलीस नेतात, तेव्हा ती ऊर बडवत नाही की हातवारे करत नाही. भान हरपल्यासारखी नुसती चालत राहते. कॅमेरा जवळ असताना नाटकी आविर्भाव नकोत, हे इतक्या लवकर व इतक्या पुरतेपणी ओळखणारे नट त्या काळी फार थोडे होते.

१९११ पासून तिची कारकीर्द मुख्यतः जर्मनीत घडली. १९१२ मध्ये तिने गादशी विवाह केला. तो पुढे मोडला. बाबेल्सबर्गच्या नव्या काचेच्या स्टुडिओतील पहिले चित्रण तिच्याच ‘डेर टोटेनटान्झ’चे (१९१२). तिने सत्तरांवर चित्रपट केले. त्यांपैकी डॅनिश केवळ ४.

‘हॅम्लेट’ (१९२१) ही तिच्या स्वतःच्या संस्थेची निर्मिती. एडवर्ड व्हाइनिंग या अमेरिकन लेखकाच्या १८८१ मधील प्रतिपादनाचा आधार घेऊन येथे हॅम्लेट स्त्री दाखविला आहे. राजा लढाईत पडल्याच्या खोट्या बातमीने घाबरून राणी नवजात मुलीला मुलगा म्हणून जाहीर करते. हॅम्लेटचा मित्र होरेशिओ याला हे गुपित कळते ते हॅम्लेटचा प्राण गेल्यावर, त्याच्या छातीला हात लागतो तेव्हा. पुरुषी चाल आणि डोळ्यांत दडपलेली ओढ ही दोन्ही एकाच देहात तिने सांभाळली आहेत.

‘डी फ्रॉइडलोझे गासे’ (१९२५) मध्ये तिच्याबरोबर ग्रेटा गार्बो होती. बोलपट एकच : ‘उनम्योग्लिखे लीबे’ (१९३२).

नाझी राजवटीने तिला स्वतःचा स्टुडिओ देऊ केला होता व तिने तो नाकारला, असे सांगितले जाते. त्यानंतर ती डेन्मार्कला परतली. महायुद्धकाळात जर्मनीतील ज्यूंना अन्नाची पार्सले पाठविण्यासाठी तिने पैसे पुरविले. दैनंदिनीकार व्हिक्टर क्लेम्पेरर यांनाही ही पार्सले मिळत.

‘डेन टिएंडे म्यूसे’ हे तिचे आत्मचरित्र. उत्तरायुष्यात ती कापडाच्या तुकड्यांची चिकटचित्रे करी. १९६८ मध्ये तिने स्वतःवरचा माहितीपट स्वतःच दिग्दर्शित केला. १९७० मध्ये, ८८ व्या वर्षी, तिने पुन्हा विवाह केला.