यंत्रशोध आणि घरचे रुमाल

सन १९९८ मध्ये गूगलची स्थापना झाली आणि पुढील दहा-बारा वर्षे इतिहासाच्या जिज्ञासूंस मोठी सुखाची गेली. कोणी हौशी अभ्यासक एखाद्या शिलालेखाचे वाचन संगणकावर लिहून ठेवी, आणि दोन शब्द टाकताच ते आमच्यापुढे येई. आता तसे क्वचितच घडते. ऑर्कुट २०१४ साली व याहूचे चर्चागट २०२० साली बंद पडले. त्यांतील पुष्कळ लेखन लोपले. जाणत्यांची चर्चा आता व्हॉट्सअॅपच्या बंद दाराआड चालते व तेथे शोधयंत्रास प्रवेश नाही. गूगलने जुन्या पानांच्या साठविलेल्या प्रतींचे दुवेही २०२४ साली काढून टाकले.

कुलवृत्तान्ताच्या बाबतीत तर अनर्थच आहे. एका संकेतस्थळावरील आडनावाची कथा दुसरे उतरून घेते, दुसऱ्यावरून तिसरे. दहा ठिकाणी तोच मजकूर दिसला म्हणजे आमच्या तरुणांस दहा साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. वस्तुतः साक्षीदार एकच, आणि तोही निनावी!

खरा पुरावा कागदांत आहे. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापण्यास आरंभ केला. सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात सिद्ध केले. तरीही न छापलेले मोडी कागद अगणित आहेत, आणि हस्तलिखिताचे केवळ छायाचित्र असेल तर त्यातील मजकूर शब्द टाकून सापडत नाही.

समजा, घरच्या सनदेवर 'सीत सबैन मया व अलफ' असे लिहिले आहे. हे अंक अरबी असून ते एककापासून मोजावयाचे: सहा, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११७६. हे वर्ष मृगास सुरू होते. त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून ६०० मिळविले की इसवी सन १७७५-७६ येतो. एवढे ज्ञान असले तर आजोबांचा कागद बोलू लागतो.

असे असता, "इंटरनेटवर सगळे आहे" म्हणून कित्येक घरांतून रुमाल रद्दीत जात आहेत. ज्यांच्या माळ्यावर असे गाठोडे असेल त्यांनी ते आधी मोडी जाणणाऱ्यास दाखवावे. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. रुमाल सोडताना मात्र कागदांचा क्रम बदलू नये, आणि प्रत्येक कागदाची पाठही पाहावी. पुष्कळदा तारीख व पोचल्याची नोंद तेथेच असते.