देवचाफ्याचे कुळ

बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती हे जैन मंदिर इ. स. १२०४ च्या सुमारास, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या कारकिर्दीत उभे राहिले. अशा पुरातन मंदिराच्या परिसरात वाकड्यातिकड्या फांद्यांचा, गुलाबी फुलांचा चाफा आढळला, तर तोही तितक्याच जुन्या कुळातील असावा, असे पाहणाऱ्यास सहज वाटते. परंतु त्या काळी हे झाड भारतात नव्हतेच. त्याची मूळ भूमी मेक्सिको व मध्य अमेरिका ही होय. १४९२ नंतर दोन्ही गोलार्धांत जहाजांची ये-जा सुरू झाली, तेव्हाच ते पूर्वेकडे येऊ शकले. निपाणीचा तंबाखू आणि घरोघरची मिरची यांचे मूळही अमेरिकेतच आहे.

आपला जुना चाफा म्हणजे सोनचाफा, संस्कृतातील चंपक. नवागताचे त्याच्याशी रक्ताचे नाते नाही. तरी लोकांनी त्यालाही चाफाच म्हटले आणि मराठीत तो देवचाफा झाला. कन्नड भाषेने त्याला देवकणगिले म्हणून कण्हेरीच्या नात्यात घेतले; वनस्पतिशास्त्रही या दोघांना एकाच कुलात ठेवते. त्याचे शास्त्रीय नाव ‘प्लुमेरिया रुब्रा’ हे लिनियसने १७५३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात शार्ल प्ल्युमिए (१६४६-१७०४) या फ्रेंच धर्मबंधू वनस्पतिशास्त्रज्ञाचे स्मरण आहे.

या झाडाचा प्रसार मात्र माणसाच्याच हातून झाला. फुलात मध नसतो. केवळ सुगंधाला भुलून पतंग येतात. शेंगा क्वचितच धरतात आणि बियांपासून आईचाच रंग येईल याची खात्री नसते. म्हणून उन्हाळ्यात जून फांदी कापून, चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवून ती लावतात. बेळगावच्या मुसळधार पावसात पाणी साचले तर मूळ कुजते. यास्तव उंचवट्याची, निचऱ्याची जागा हवी.

देवळाचे अंगण, दर्ग्याचे आवार, ख्रिस्ती दफनभूमी, सर्वत्र हे झाड दिसते. आणि बहुतेक ठिकाणी ते कोणीतरी कोणाकडून फांदी मागून आणून लावलेले असते. जीर्णोद्धारात किंवा रस्ता रुंद करताना असा जुना चाफा तोडला गेला, तर पिढ्यान्‌पिढ्या हातोहात आलेला तो रंगही त्याच्याबरोबर नाहीसा होऊ शकतो. म्हणून कुऱ्हाड लावण्यापूर्वी दोन फांद्या काढून शेजाऱ्याच्या अंगणात लावून ठेवाव्यात.