चार दिवसांचे व्याज

बरेच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी डोळ्यांचे दुखणे होते, शिवाय विषयही सापडत नव्हता. परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. क्रेडिट कार्डावर त्याने मोठी रक्कम कमी व्याजाच्या सवलतीत वळवून घेतली होती. एक हप्ता भरायचा राहून गेला आणि सवलत गेली. आता उरलेल्या रकमेवर नेहमीचा दर. फार चिडला होता. "काका, एका हप्त्यासाठी एवढी शिक्षा?" म्हणाला.

मी काहीच बोललो नाही. कारण अशीच एक चूक माझ्या हातून झाली आहे, आणि ती त्याच्याच वडिलांच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या पैशांची. घरात त्यावर फारसे बोलणे होत नाही. आज लिहून टाकतो.

गोष्ट 2022 च्या मार्चमधली. भावाने 2021 च्या जूनमध्ये धानासाठी 1 लाख 20 हजारांचे पीककर्ज घेतले होते. आमच्याकडे धान म्हणजेच शेती, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. राज्याच्या अर्थसंकल्पात त्याच वर्षी घोषणा झाली होती की 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला व्याज शून्य. शेवटची तारीख 31 मार्च. भावाने धान विकून पैसे माझ्याकडे आणून दिले. "भाऊ, तुम्ही पेन्शनसाठी जाताच न बँकेत, तेवढे भरून द्या."

28 आणि 29 मार्चला देशभर संप होता, बँका बंदसारख्याच. 30 ला गर्दी असेल म्हणून गेलो नाही. 31 ला सकाळी फुलचूर नाक्यापर्यंत गेलो, उन्हाने गरगरले, परत फिरलो. थोडे पडतो आणि दुपारी जातो म्हटले. डोळा लागला तो साडेचारला उघडला.

उद्या भरू म्हटले, तर 1 एप्रिलला बँकांची वार्षिक हिशेबाची सुटी. 2 ला गुढीपाडवा. 3 ला रविवार. पैसे भरले 4 एप्रिलला. एका दुपारच्या झोपेचे चार दिवस झाले, आणि त्या चार दिवसांसाठी साडेनऊ महिन्यांचे व्याज लागले. सहा हजारांच्या घरात.

सुरुवातीला मी हिशेब असा करत होतो की चार दिवस उशीर, तर चार दिवसांचे व्याज घ्या, हवा तर थोडा दंड घ्या. मागच्या साडेनऊ महिन्यांनी काय गुन्हा केला? पण नियम तसा नाही. तो का नाही, हे शोधता शोधता मी बराच मागे गेलो. तेच आज सांगायचे आहे.

आपल्याकडे उधारीचे धान सवाईने किंवा दिढीने परत करायची चाल फार जुनी. पावसाळ्यात बियाण्याला एक खंडी नेली तर सुगीला सव्वा किंवा दीड खंडी मोजायची. त्या सुगीला जमले नाही तर दीड खंडी हीच नवी मुद्दल होई, आणि पुढच्या सुगीला तिची दिढी, म्हणजे सव्वादोन खंडी. खरा फास दरात नव्हता. तारीख चुकली की व्याज मुद्दलात जाऊन बसे, तो फास.

याला जुन्या हिंदू कायद्यात एक लगाम होता, दामदुपटीचा. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. मुंबई इलाख्यातली न्यायालये इंग्रजी अमलातही हा नियम मानत. पण सावकाराने जुना कागद फाडून व्याजासकट नव्या रकमेचा कागद करून घेतला, की दुपटीचे मोजमाप पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

1859 च्या मुदतीच्या कायद्याने हे आणखी वाढवले. साध्या कर्जरोख्यावर दावा करायला तीन वर्षांची मुदत ठरली. हेतू चांगला होता, जुने दावे कुळाच्या मानगुटीवर राहू नयेत हा. झाले उलटेच. मुदत संपायच्या आत सावकार कुळाकडून नवा कागद लिहून घेऊ लागले आणि थकलेले व्याज दर वेळी मुद्दल होऊ लागले. त्यातच अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, आणि युद्ध संपताच भाव कोसळले. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी लोक उठले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. या दंग्यांत माणसे मारण्यापेक्षा कागद हस्तगत करून जाळण्यावर भर होता. वर्गात हा धडा शिकवताना मी मुलांना विचारत असे, "त्यांनी कागद का जाळले?" कर्ज त्या कागदात राहत होते, हे त्यांना पुरते कळले होते. पुढे चौकशी आयोग बसला आणि 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला. कागदावरच्या आकड्यावर न थांबता मुळात किती दिले-घेतले हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, आणि हप्ते बांधून देण्याचाही.

आता माझ्या चार दिवसांकडे येतो. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याचे 74 वे कलम करार मोडल्यावरच्या दंडाबद्दल आहे. 1899 साली त्यात एक स्पष्टीकरण घातले गेले, की चुकल्या तारखेपासून व्याज वाढवण्याची अट ही दंडाची अट असू शकते. सोबत उदाहरणेही दिली. एकात 1,000 रुपयांचे कर्ज आहे, सहा महिन्यांची मुदत, व्याज 12 टक्के, आणि तारीख चुकल्यास 75 टक्के. कायदा म्हणतो, हा दंड झाला, सावकाराला न्यायालय वाजवी ठरवील तेवढीच भरपाई मिळेल. दुसऱ्या उदाहरणात सावकाराला ठराविक तारखेला 10 मण धान्य द्यायचे कबूल केले आहे आणि न दिल्यास 20 मण. तोही दंडच. वाचताना मला आपली दिढी आठवली.

मग माझे सहा हजार दंड का नाहीत?

याचे उत्तर इंग्लंडच्या न्यायालयांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. कर्जाच्या कागदावर "व्याज 4 टक्के, वेळेवर न दिल्यास 5" असे लिहिले तर तो दंड, न्यायालय तो मोडू शकते. पण "व्याज 5 टक्के, वेळेवर दिल्यास 4" असे लिहिले तर ती सवलत, आणि चुकणाऱ्याला 5 द्यावेच लागतात. देणाऱ्या-घेणाऱ्याच्या हातात पैसे तेवढेच पडतात. फरक फक्त वाक्याचा.

पीककर्जाचा कागद दुसऱ्या प्रकारचा आहे. 2006-07 पासून केंद्राच्या मदतीने 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज 7 टक्क्यांनी मिळू लागले. 2009-10 पासून वेळेत फेडणाऱ्याला 1 टक्का आणखी सूट, पुढच्या वर्षी 2 आणि 2011-12 पासून 3. म्हणजे उरले 4. त्यावर आपल्या राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची व्याज सवलत योजना, आणि 2021-22 पासून शून्य. शून्य हा दर कधी नव्हताच. ते वेळेवर येणाऱ्याला दिलेले बक्षीस होते. मी उशिरा गेलो, बक्षीस हुकले आणि खाली असलेला खरा दर उघडा पडला. पुतण्याच्या कार्डाचेही तेच.

या गोंधळाची दखल रिझर्व्ह बँकेने अलीकडे काही वेळा घेतली आहे. सप्टेंबर 2013 मध्ये तिने कार्डावरच्या हप्त्यांच्या "शून्य टक्के" योजनांना मनाई केली, कारण शून्य व्याज असे काही नसतेच, ते दुसऱ्या नावाने वसूल होते. कार्डाची तारीख चुकली तरी तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय थकबाकीचा दंड लावू नये, असाही नियम 2022 च्या तिच्या निर्देशांत आहे. ऑगस्ट 2023 मध्ये तिने सांगितले की कर्जदार चुकल्यास दंड घ्या, पण तो व्याजदरात मिसळू नका आणि त्यावर पुन्हा व्याज लावू नका. कार्डांना मात्र हा नियम लागू नाही. कार्डावर 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित प्रथा आहे, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय होता. तो सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला. पुतण्याला हे सगळे सांगितले तर तो आणखी चिडेल, म्हणून त्याने इथेच वाचावे.

शेवटी माझा एक कबुलीजबाब. शाळेत मी सुरुवातीला नियम केला होता की वही उशिरा देणाऱ्याचे दोन गुण कापणार. पालकांच्या तक्रारी आल्या. मग मी नियम फिरवला. वही वेळेवर देणाऱ्याला दोन गुण जास्त. तक्रारी थांबल्या. मला माझ्या हुशारीचे कौतुक वाटले होते! एकदा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, माझी आई आजारी होती, म्हणून वही राहिली. आधीच्या नियमात मी तुम्हाला विनंती केली असती. आता कशाची करू?" मी त्याला खाली बसवले. त्याचे म्हणणे मला 4 एप्रिल 2022 ला बँकेच्या खिडकीशी कळले. दंड असता तर मी कारण सांगितले असते, वय सांगितले असते. सवलतीपुढे काय सांगणार? ती देणाऱ्याची मर्जी.

सवलत वाईट, असे मला म्हणायचे नाही. वेळेवर फेडणाऱ्या लाखो शेतकऱ्यांना तिने सावकाराच्या दारापासून दूर ठेवले आहे, आणि सवाई-दिढीच्या मानाने 7 टक्के हेसुद्धा सुखच आहे. पण कागदावरचा मोठा शून्य वाचताना त्याखालचा बारीक आकडाही वाचावा. खरे कर्ज आपण त्या आकड्याने घेतलेले असते.

त्या संध्याकाळी भावाकडे गेलो आणि सहा हजार त्याच्या पुढे ठेवले. त्याने पाहिले आणि पाकीट परत माझ्या खिशात घातले. "जाऊ द्या न भाऊ. तुम्ही माझ्या फीचे पैसे भरत होते, तेव्हा मी तुम्हाला व्याज दिले का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पाकीट अजून कपाटात तसेच आहे. तेव्हापासून दरवर्षी त्याचे पैसे मी 15 मार्चच्या आत भरतो आणि पावती त्याच्या हातात देतो. तो ती न बघताच खिशात ठेवतो. मी मात्र आधी दोनदा तारीख वाचतो.