पंखवाली पोरं आणि छापील चित्रं

कठड्यावर कोपरं टेकून वर बघत बसलेली दोन पंखवाली पोरं वाचकांनी पाहिलेली असणारच. शुभेच्छापत्रावर, नाहीतर बिस्किटाच्या डब्यावर. ती मुळात राफाएलच्या 'सिस्टीन मॅडोना'च्या पायथ्याशी बसलेली आहेत. पिआचेंझाच्या मठासाठी १५१२च्या सुमारास काढलेलं हे चित्र १७५४ साली ड्रेस्डेनला आलं. पुढे छापणाऱ्यांनी तळाचा तेवढाच तुकडा उचलला, मॅडोना वरच राहिली. १९९५ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावर तर दोघांतलं एकच पोर उरलं!

अशा छापांना कलेतिहासाने फार काळ दाराबाहेर उभं केलं. गोडगोड म्हणून. गोड ती आहेतच, पण राखणदार देवदूताचं चित्र जरा निरखून पाहा. पंधराव्या शतकातले फ्लोरेन्सचे चित्रकार बायबलकथेतला टोबायस रंगवत: हातात मासा घेतलेला तरुण, शेजारी वाट दाखवणारा देवदूत. म्यूरिल्योच्या सेव्हिलमधल्या चित्रात तरुणाचं लहान मूल झालं, तरी देवदूताने त्याचा हात धरलेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन छापांत हा हात सुटतो. प्लॉकहोर्स्टच्या चित्रात दोन मुलं खेळता खेळता कड्याच्या टोकाशी आली आहेत. इतर छापांत भावंडं मोडक्या पुलावरून निघालेली. देवदूत मागे उभा, आणि पोरांना त्याचा पत्ताच नाही. तो दिसतो फक्त चित्र टांगणाऱ्याला. त्या काळी जर्मनीत चारांतलं जवळपास एक मूल वर्षाचं होण्याआधीच जात असे. ही चित्रं मुलांच्या खोलीत लागली, तरी काढली होती आईबापांसाठी, असं माझं मत आहे.

त्यांची गोडी घडते कशी, हे भिंगाखाली कळतं. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड. गालावरची लाली म्हणजे गुलाबी ठिपक्यांची दाटी. एखादा दगड केसभर सरकला की ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो. हेच तंत्र, जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर यांच्यासह, रविवर्मा छापखान्यात आलं; १८९४ला मुंबईत, मग लोणावळ्याजवळ मळवलीला. म्हणून मराठी अभ्यासकाला या छापांचं क्षेत्र वाटतं तितकं परकं नाही.

नव्याने येणाऱ्यांनी सुरुवात कडेपासून करावी. छापखान्याचं नाव असलंच तर बहुधा तळाशी, बारीक अक्षरांत असतं आणि चौकटीखाली हमखास झाकलं जातं. तेव्हा चित्र ज्याच्या घरी टांगलेलं असेल त्याला चौकट उघडायला सांगताना भीड धरू नये.