दुग्धव्यवसायाचे सरकारी साहाय्य : तगाईपासून अनुदानापर्यंत

गारखेडा हे एके काळचे खेडे आज छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, शहराच्या वस्तीत सामावले आहे. शहर वाढले की दुधाची मागणी वाढते. त्याच वेळी भोवतालची चराऊ राने आणि कडब्याची शेते घरांखाली जातात. ही विसंगती ध्यानात घेतल्याखेरीज दुग्धव्यवसायास मिळणाऱ्या सरकारी साहाय्याचा इतिहास नीट उलगडत नाही.

ब्रिटिश मुलखात १८८४ च्या शेतकरी कर्जविषयक कायद्यान्वये जनावरांच्या खरेदीसाठी तगाई मिळे. परंतु तगाई हे कर्जच होते; शेतकऱ्यास अडचणीत तगविणे हा तिचा हेतू, दुग्धोत्पादनाचा विस्तार नव्हे. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई सरकारने निराळा मार्ग धरला. १९४९ साली आरे येथे वसाहत उभारून शहरातील तबेल्यांतल्या म्हशी तिकडे हलविण्यास आरंभ झाला. म्हशी खाजगी मालकांच्याच राहिल्या. गोठ्यांची व दूधप्रक्रियेची व्यवस्था मात्र सरकारने केली. १९७० साली सुरू झालेल्या दूध महापूर योजनेतही परदेशांतून देणगीदाखल आलेली दूधभुकटी व लोणीतेल यांच्या विक्रीतून उभा राहिलेला पैसा मुख्यत्वे सहकारी संघ, शीतकरण आणि वाहतूक यांकडे वळला. सारांश, या दोन्ही प्रयत्नांत साहाय्याचे पात्र व्यवस्था होती, एकटे कुटुंब नव्हे.

१९७८-७९ मध्ये आरंभ झालेल्या व २ ऑक्टोबर १९८० पासून देशभर लागू झालेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाने हा क्रम उलटविला. बँकेचे कर्ज व त्यास जोडून लहान शेतकऱ्यास २५ टक्के, अत्यल्प भूधारकास व शेतमजुरास ३३⅓ टक्के, आदिवासींस ५० टक्के अनुदान, अशी त्याची रचना होती. दुभते जनावर ही त्यातील एक प्रमुख मत्ता ठरली. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ नीलकंठ रथ यांनी १९८५ साली या कार्यक्रमाच्या मूळ गृहीतावरच आक्षेप घेतला. गरीब कुटुंबास मत्ता देऊन स्वयंरोजगारी बनविण्यापेक्षा मजुरीच्या रोजगाराची हमी अधिक फलदायी, असा त्यांचा कल होता.

मराठवाड्याच्या संदर्भात या आक्षेपास विशेष वजन आहे. देवणी व लाल कंधारी ही येथील जनावरे कोरडवाहू शेतीच्या चाकोरीत वाढलेली. अधिक दूध देणाऱ्या संकरित गाईस हिरवी वैरण व मुबलक पाणी लागते. आणि १९७२-७३ च्या दुष्काळाने दाखविल्याप्रमाणे येथे नेमकी याचीच वाण पडते. अनुदान गाईच्या किमतीचा भार हलका करते. तिच्या रोजच्या वैरणीचा नाही.

२०१० च्या दुग्ध उद्योजकता विकास योजनेत सर्वसाधारण अर्जदारांस २५ टक्के अनुदान असले, तरी ते कर्जखात्याच्या अखेरीस जमा होणारे होते. त्यामुळे गैरवापरास आळा बसला असेल. पण ज्यास मुळात कर्जच मिळत नाही, त्याच्यापर्यंत ते पोहोचणे अशक्य होते. तेव्हा अनुदानाची टक्केवारी किती, हा प्रश्न दुय्यम होय. पाणी, वैरण व दुधास खात्रीचा भाव या तिन्ही गोष्टी गोठ्यापर्यंत कोण पोहोचवितो, हाच या इतिहासातील निर्णायक प्रश्न ठरतो.