कोल्हापूरचा पहिला कॅमेरा

छायाचित्रणाचा नाद नव्यानें लागलेल्या माणसापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो यंत्राचा. कॅमेरा कोणता घ्यावा, त्यास भिंग कसलें असावें, आणि हें सारें खिशाला पेलेल काय? स्थिरचित्रें काढणाऱ्यांपुरता हा प्रश्न ईस्टमन कोडॅक कंपनीनें १९०० सालीं पुष्कळच सोपा करून टाकला. तिचा ‘ब्राउनी’ नांवाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा अमेरिकेंत एका डॉलरला मिळूं लागला. त्यांत एकच साधें भिंग असे. उन्हांत उभें राहावें, कळ दाबावी, झालें! परंतु चित्रें चालतीं करावीं असें ज्याच्या मनांत येई, त्याच्यासाठीं असें स्वस्त खेळणें बाजारांत नव्हतें.

मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे व्यवसायानें छायाचित्रकार. त्यांनीं विलायतेहून २१ गिनींचा राइली कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती त्यावर टिपली. दादासाहेब फाळके यांनीं विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, १९१२ सालीं लंडन गांठलें आणि ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा पसंत केला. त्याबरोबरच फितीला भोकें पाडण्याचें यंत्रहि त्यांनीं घेतलें. कारण कोरी फीत त्या काळीं भोकांवांचून येई. कॅमेरा कधीं एकटा घरीं येत नाहीं, हें नवशिक्यांच्या सहसा उशिरां ध्यानांत येतें. फाळक्यांना तें आधींच उमगलें होतें.

३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. या चित्रपटानें ज्यांना वेड लावलें, त्यांत कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे दोघे होते. दोघे नात्यानें भाऊ. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणें हा त्यांचा धंदा, आणि त्यावरूनच ‘पेंटर’ हें नांव त्यांना चिकटलें. मेस्त्री हें आडनांवच कारागिरी सांगतें. हातांत कला होती, नव्हता तो पैसा. ५० पौंड म्हणजे त्या वेळच्या दरानें ७५० रुपये. पडदे रंगविणाऱ्याला ही रक्कम डोंगराएवढी. तेव्हां कॅमेरा विकत घेण्याऐवजीं तो घरींच करावयाचा, असें आनंदरावांनीं ठरविलें.

मुंबईच्या जुन्या बाजारांतून या भावांनीं एक प्रक्षेपक, म्हणजे पडद्यावर चित्र फेंकण्याचें यंत्र, आणलें. त्यावर चित्रपटांचे खेळहि केले. पण आनंदरावांचा खरा डोळा होता तो यंत्राच्या पोटांतील चक्रांवर. प्रक्षेपक आणि कॅमेरा हीं सख्खीं भावंडें आहेत. दोहोंत कचकड्याची फीत भोकांत अडकवून पुढें ओढली जाते. एक चित्र आलें कीं ती क्षणभर निश्चल उभी राहते. पुन्हां सरकतांना फिरती चकती प्रकाशाची वाट अडविते. मूकपटाच्या काळीं हा खेळ सेकंदाला सुमारें सोळा वेळां होई, आणि फितीच्या एका फुटांत चित्रेंहि सोळाच बसत. भेद एवढाच कीं, एकांत प्रकाश आंतून बाहेर जातो, दुसऱ्यांत बाहेरून आंत येतो. म्हणून प्रक्षेपक उलगडून पाहणाऱ्याला कॅमेऱ्याचा धडा आपोआपच मिळतो. मात्र कॅमेऱ्याची पेटी अशी अंधारी हवी कीं, एक किरणहि चोरून आंत शिरतां कामा नये. आणि फीत केसभर जरी डगमगली, तरी पडद्यावर सारा राजवाडा थरथरूं लागतो.

पेटी आणि चक्रें घडवितां येतील, भिंगाचें काय? ब्राउनीचें साधें भिंग येथें चालत नाहीं. सेकंदाला सोळा चित्रें घ्यावयाचीं, त्यांतील निम्मा वेळ फीत सरकण्यांत जावयाचा. म्हणजे एका चित्राच्या वांट्यास फार तर एक-बत्तिसांश सेकंद प्रकाश येतो. एवढ्या अवधींत काम भागावें, तर भिंगाचें तोंड मोठें हवें. पण साध्या भिंगाचें तोंड मोठें केलें कीं चित्राच्या कडा पुसट होतात आणि निरनिराळे रंग निरनिराळ्या अंतरावर एकवटतात. हा दोष घालविण्यासाठीं भिन्न जातींच्या कांचा एकत्र बसवाव्या लागतात. जर्मनींतील झाइस कारखान्याच्या पॉल रूडॉल्फ यांनीं १९०२ सालीं चार कांचांचें ‘टेसार’ भिंग सिद्ध केलें, तें याच विद्येचें फळ. ही विद्या घरच्या हत्यारांनीं साधण्यासारखी नव्हे. आणि १९१४ सालीं महायुद्ध पेटल्यावर तर जर्मनीशीं असलेला व्यापारच बंद पडला. नवशिक्याजवळ थोडेच पैसे असले तर ते पेटीवर खर्चूं नयेत, भिंगावर खर्चावे, असें जाणते सांगतात तें याचसाठीं.

आनंदराव या यंत्रापाठीमागें अक्षरशः खपले. १९१६ सालीं त्यांचा अंत झाला, तेव्हां कॅमेरा अपुराच होता. बाबूराव त्या वेळीं अवघे सव्वीस वर्षांचे. भाऊ गेला, आणि अर्धवट जुळविलेलें यंत्र मात्र पुढें उरलें. तें गुंडाळून ठेवून पुन्हां पडदे रंगवावयास लागले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें बाबूरावांनीं १९१८ सालीं तो पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल पुरविलें तें गायिका तानीबाई कागलकर यांनीं.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० सालीं पुण्यांत प्रदर्शित झाला. भीमानें केलेला कीचकवध त्यांत इतका हुबेहूब उतरला होता कीं, सरकारी परीक्षकांनीं त्यावर कात्री चालविली. कारागिराला याहून मोठी पावती ती कोणती? लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

कॅमेरा जुळवितांना बाबूरावांच्या शेजारीं बसलेले दामले १९२९ सालीं कोल्हापुरांतच स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे एक भागीदार झाले. एस. फत्तेलाल यांच्यासमवेत त्यांनीं दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ या बोलपटाचा गौरव १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत झाला.