संगणकाच्या स्मृतीचे मोल

वस्तूचा भाव केवळ ती बनविण्यास लागलेल्या श्रमांवरून ठरत नाही. ती किती जणांना हवी आहे आणि बाजारात किती आहे, यावरही ठरतो. हे जुने सत्य गेल्या अर्धशतकात एका नखाएवढ्या वस्तूने पुनःपुन्हा सिद्ध केले आहे. ती वस्तू म्हणजे संगणकाची स्मृती साठविणारी सिलिकॉनची चिप होय.

1970 साली अमेरिकेतील इंटेल कंपनीने 1,024 बिट सामावणारी ‘1103’ ही चिप बाजारात आणली आणि चुंबकी कड्यांच्या जुन्या स्मृतीची सद्दी संपत आली. पुढे जपानी कंपन्यांनी ही विद्या आत्मसात करून प्रचंड कारखाने उभारले. असा कारखाना उभारण्यास अपार भांडवल आणि बराच काळ लागतो. परंतु एकदा उभा राहिला, की तो बंद ठेवणे परवडत नाही. त्यामुळे मागणी वाढली तरी पुरवठा लगेच वाढत नाही, आणि मागणी घटली तरी तो लगेच आटत नाही. 1985 मध्ये नेमके हेच घडले. मागणी मंदावली, माल मात्र येतच राहिला आणि भाव कोसळले. या व्यापारात एकेकाळी अग्रेसर असलेल्या इंटेललाच त्या वर्षी त्यातून अंग काढून घ्यावे लागले.

1986 साली अमेरिका व जपान यांच्यात करार होऊन कवडीमोलाने माल ओतण्यास पायबंद बसला. पुरवठा आवरला गेला, तोच मागणी उसळली. 1988 मध्ये टंचाई होऊन भाव कडाडले. त्याचा भुर्दंड संगणक बनविणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनाही पडला; लाभ मात्र 1983 साली या क्षेत्रात उतरलेल्या दक्षिण कोरियाच्या सॅमसंगलाही झाला.

जुलै 1993 मध्ये जपानमधील निहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या आवरणासाठी लागणाऱ्या राळेचा जगातील निम्म्याहून अधिक पुरवठा तेथून होत असे. चिपांचे कारखाने चालूच होते; तरीही नुसत्या धास्तीने खरेदीदार धावले आणि खुल्या बाजारातील भाव काही आठवड्यांतच सुमारे दुप्पट झाले.

चढ्या भावांनी नवे कारखाने उभे राहिले आणि 1996 मध्ये भाव पुन्हा गडगडले. या हेलकाव्यांत अनेक कंपन्या बुडाल्या. 2012 साली जपानच्या एल्पिडाने दिवाळे काढले. परिणामी जगातील बहुतांश पुरवठा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हाती आला. भावाचा काटा मालाच्या वजनाने हलतो, तसाच मनातील धास्तीनेही हलतो. आणि विक्रेते जितके थोडे, तितका त्याचा झोका ग्राहकाला अधिक जाणवतो.